रेस उतरत नाही! टू-स्ट्रोक इंजिनाचा इतिहास आणि निदान करण्याची रीत

आजचा विषय तुमच्या पीएचडीच्या विषयाशी वरवर पाहता काहीच संबंध नसलेला आहे. जुनी लूना, चेतक किंवा कायनेटिक होंडा चालू केली, अ‍ॅक्सिलेटर सोडला, तरी इंजिन शांत होत नाही. आवाज चढलेलाच राहतो. गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर गाडी रेस पकडते, स्लोला बसत नाही. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कार्बोरेटरचा स्लो स्क्रू थोडा बाहेर काढायचा. आवाज खाली येतो, गाडीवाला खूश होतो. आणि काही दिवसांनी पुण्याच्या रस्त्याला टेंभुर्णीच्या अलीकडे पिस्टन जाम होऊन तीच गाडी उभी राहते.

मला या गोष्टीत रस आहे तो मधल्या काळामुळे. लक्षण गेलं होतं, कारण तसंच होतं. उलट लक्षण दिसेनासं झाल्यामुळे कारणाला काम करायला मोकळीक मिळाली. आपण प्रयोगशाळेत बेसलाइन "अ‍ॅडजस्ट" करतो, आलेखातला एखादा न पटणारा बिंदू वगळतो, मॉडेलमध्ये एक गुणांक वाढवून जुळणी करतो, तेव्हा नेमकं हेच करत असतो. म्हणून या लेखात एका साध्या बिघाडाचा इतिहास पाहू. इंजिनाचा "स्लो" ही कल्पना आली कुठून, टू-स्ट्रोकमध्ये तो इतका नाजूक का, आणि त्याचं निदान करताना पुरावा कसा वाचायचा, हे तीन प्रश्न डोक्यात ठेवा.

१. वेग आवरणारी यंत्रं

यंत्राचा वेग ठरलेल्या मर्यादेत ठेवण्याचा प्रश्न वाफेच्या इंजिनाच्या काळात ऐरणीवर आला. जेम्स वॉटने १७८८ मध्ये आपल्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. युक्ती पवनचक्क्यांमध्ये आधीपासून वापरात होती, वॉटने ती इंजिनाला जोडली. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, त्यांना जोडलेला दांडा वाफेची झडप थोडी मिटवतो आणि वेग खाली येतो. वेग कमी झाला की उलट.

सोलापूरकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा एका वाफेच्या इंजिनावर, पट्ट्यांनी जोडलेली, शेकडो यंत्रं चालत. वेग मध्येच वाढला तर सूत तुटतं, कमी झाला तर उत्पादन घटतं. म्हणजे वेगाची स्थिरता हा थेट पोटापाण्याचा प्रश्न होता.

१८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने "ऑन गव्हर्नर्स" हा निबंध लिहिला. विद्युतचुंबकीय समीकरणांमुळे आपण त्याला ओळखतो, पण नियंत्रणशास्त्राचे विद्यार्थी या निबंधाला आपल्या विषयाचा आरंभ मानतात. त्यात त्याने एक महत्त्वाचा भेद केला. काही साधनं वेगातला बदल फक्त कमी करतात, पुसून टाकत नाहीत. त्यांना त्याने मॉडरेटर म्हटलं. जी साधनं वेग पुन्हा मूळ किमतीवर आणून ठेवतात, ते खरे गव्हर्नर.

आता स्कूटरच्या स्लो स्क्रूकडे पाहा. तो यांपैकी काहीच नाही. तो वेग मोजत नाही आणि वेग बदलला म्हणून हलतही नाही. थ्रॉटल किती मिटायचा हे एकदा ठरवून देणारा तो निव्वळ अडसर आहे. इंजिन स्लोला टिकतं ते एका नैसर्गिक समतोलामुळे: वेग थोडा वाढला की त्या अरुंद फटीतून प्रत्येक फेऱ्याच्या वाट्याला येणारी हवा कमी होते, त्यामुळे प्रत्येक स्फोटाची ताकद घटते आणि वेग परत खाली येतो. समतोल आहे, पण कमजोर आहे. कुठूनतरी आगंतुक हवा आत आली की तो वरच्या वेगावर जाऊन बसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

२. झडप नसलेलं इंजिन

निकोलाउस ऑटोचं चार फेरींचं इंजिन १८७६ चं. त्यानंतर काही वर्षांत स्कॉटलंडच्या ड्यूगल्ड क्लार्कने दोन फेरींचं इंजिन बनवलं, पण त्यात ताजं मिश्रण ढकलायला वेगळा सिलिंडर लागत होता. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास हा दुसरा सिलिंडर काढूनच टाकला. पिस्टनच्या खाली क्रँक जिथे फिरतो ती बंद पेटी, म्हणजे क्रँककेस, त्याने पंप म्हणून वापरली. पिस्टन वर जाताना खाली पोकळी तयार होते आणि ताजं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरमध्ये चढतं. त्याच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉकने पुढे अशी रचना केली की मिश्रण आत येण्याची वाटसुद्धा पिस्टनच उघडेल आणि मिटेल. झडप नाही, कॅमशाफ्ट नाही. हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक.

पण या साधेपणाची एक किंमत आहे. चार फेरींच्या इंजिनात क्रँककेसमध्ये फक्त ऑइल असतं. तिथलं सील गेलं तर ऑइल गळतं, खाली डाग पडतो, बस. डेच्या इंजिनात क्रँककेस हा श्वासाच्या मार्गाचाच भाग झाला. तिथलं सील गेलं की इंजिन नाकाऐवजी भलतीकडूनच श्वास घेऊ लागतं. ती हवा कार्बोरेटरमधून येत नाही, म्हणून तिच्याबरोबर पेट्रोलही येत नाही. मिश्रण पातळ होतं, ज्याला आपण लीन म्हणतो.

लीन झाल्यावर वेग का वाढावा? पेट्रोल तर कमी झालं ना? हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर चांगलंच आहे. टू-स्ट्रोकमध्ये स्लोवर असताना जळून गेलेला वायू सिलिंडरमधून पूर्ण निघत नाही, आणि मिश्रण मुद्दाम थोडं घट्ट ठेवलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते पण प्रत्येक ठिणगी पेट घेत नाही. तो टिपिकल "टिंग... टिंग-टिंग..." आवाज त्याचाच. आगंतुक हवेमुळे दोन गोष्टी होतात: एकूण भरणा वाढतो आणि मिश्रण चांगलं पेट घेण्याच्या प्रमाणाकडे सरकतं. फेरे चुकायचे थांबतात आणि वेग चढतो. अर्थात गळती आणखी वाढली की मिश्रण इतकं पातळ होतं की इंजिन बंद पडायला लागतं. म्हणजे संबंध सरळ रेषेतला नाही. आधी चढ, मग उतार. "कारण वाढलं म्हणजे परिणामही वाढेल" असं गृहीत धरणाऱ्याला हा आलेख चकवतो.

इथे धोका लपलेला आहे. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून जातं. कार्बोरेटरमधून पुरेसं पेट्रोल येत नसेल तर ऑइलही कमी येतं. एकीकडे पातळ मिश्रणामुळे पिस्टन तापतो, दुसरीकडे त्याचं वंगण घटतं. म्हणून चढलेला स्लो हा नुसता कानाला त्रास नसतो, ती आगाऊ मिळालेली सूचना असते. स्क्रू फिरवून आपण ती सूचना बंद करतो.

३. पुणे, नगर आणि आपल्या घरासमोरची गाडी

जोसेफ डे १९४६ मध्ये वारला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इटलीत पियाज्यो कंपनीने व्हेस्पाचं पेटंट दाखल केलं. डेची कल्पना आता स्कूटरच्या पोटात जाऊन बसली होती.

बजाजने १९४८ मध्ये दुचाकी-तीनचाकी आयात करायला सुरुवात केली आणि १९५९ मध्ये त्या भारतात बनवण्याचा परवाना मिळवला. पियाज्योबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. त्याच १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने नगरमध्ये लूना आणली. ५० सीसीचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन, पियाज्योच्याच चाओ या मोपेडच्या धर्तीवरचं. पुढे १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली: टू-स्ट्रोक, बटण स्टार्ट, आणि गिअरऐवजी बेल्टवर चालणारं सीव्हीटी.

या तिन्ही गाड्यांत स्लो वाढण्याचा अर्थ वेगवेगळा होतो, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. चेतकला हाताचा क्लच आणि गिअर. न्यूट्रलमध्ये ती कितीही ओरडली तरी जागची हलत नाही. लूनाला आणि कायनेटिक होंडाला सेंट्रिफ्युगल क्लच. वेग वाढला की क्लचचे तुकडे बाहेर फेकले जाऊन ड्रम पकडतात आणि चाक फिरू लागतं. ओळखीचं वाटलं ना? वॉटच्या गोळ्यांचंच हे भावंड आहे. तिथे बाहेर फेकलेलं वजन वाफ तोडायचं, इथे ते चाकाला ताकद जोडतं. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फेरे दीडपट झाले तर बल सव्वादोन पट होतं. म्हणून स्लो थोडासाच वाढला तरी स्टँडवरून उतरवलेली लूना स्वतःहून पुढे सरकू पाहते. वयस्कर माणूस किंवा लहान मूल गाडीपुढे उभं असेल तर ही गंमत राहत नाही.

बर्फाळ देशांतल्या स्नोमोबाइलमध्ये अनेक दशकं हीच जोडी वापरात आहे, टू-स्ट्रोक इंजिन आणि बेल्टचं सीव्हीटी. स्लो वाढला की तिथेही बेल्ट पकडतो आणि गाडी सरपटते. कॅनडातला मेकॅनिक आणि सोलापुरातला मेकॅनिक एकाच बिघाडाशी झुंजत असतात, फक्त एकाच्या अंगात जाड कोट असतो.

४. दोन सील, दोन लक्षणं

व्हेस्पाच्या घराण्यातल्या इंजिनात निसर्गाने जणू एक प्रयोगच मांडून ठेवला आहे. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात. एक मॅग्नेटच्या बाजूला, दुसरं क्लचच्या बाजूला. मॅग्नेटच्या बाजूच्या सीलपलीकडे मोकळी हवा आहे. क्लचच्या बाजूच्या सीलपलीकडे गिअर ऑइल आहे.

आता सांगा, दोन्ही सील सारखीच खराब झाली तर लक्षण सारखं दिसेल का? मॅग्नेट साइडचं सील गेलं तर इंजिन हवा ओढतं. मिश्रण पातळ, स्लो चढलेला, प्लग पांढरट. क्लच साइडचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट, प्लग काळा आणि ओला, आणि गिअरबॉक्समधलं ऑइल हळूहळू कमी. बिघाड तोच, रबर तेच, वय तेच. पलीकडे काय आहे यावर लक्षण ठरतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा मुद्दा वहीत लिहून ठेवावा. एकाच कारणाची दोन लक्षणं असू शकतात. आणि याचं उलटही खरं आहे. कायनेटिक होंडाला ऑटो चोक होता. थंड इंजिनाला जास्तीचं मिश्रण पुरवणारी एक छोटी वाट, जी इंजिन चालू झाल्यावर विजेच्या उष्णतेने हळूहळू बंद होते. त्याची वायर तुटली तर ती वाट उघडीच राहते. गाडी गरम झाली तरी स्लो चढलेलाच. पण इथे मिश्रण पातळ नाही, उलट घट्ट आहे! म्हणजे एकाच लक्षणाची दोन अगदी विरुद्ध कारणं. नुसता आवाज ऐकून "हवा ओढते" म्हणणारा इथे सपशेल फसतो.

५. मग ओळखायचं कसं?

चांगला मेकॅनिक स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी काही प्रश्न विचारतो. तो क्रम असा असतो. प्रत्येक पायरीवर काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, याकडे लक्ष द्या.

पहिली पायरी, केबल. गाडी मुख्य स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. आवाज बदलला तर केबल ताणली जाते आहे किंवा अडकते आहे. केबलला थोडा ढिलेपणा हवाच. कार्बोरेटरमधली स्लाइड कचऱ्याने अडकून पूर्ण खाली बसत नसेल तरी हेच दिसतं. इथे बिघाड सापडला तर पुढे जायची गरज नाही. सगळ्यात स्वस्त शक्यता आधी तपासायची, एवढंच.

दुसरी पायरी, स्लो स्क्रू पूर्ण सैल करा. केबल आणि स्लाइड ठीक असताना थ्रॉटल आता खरोखर मिटलेला आहे. इंजिन बंद पडलं तर हवा थ्रॉटलमधूनच येत होती, स्क्रू चुकीच्या जागी होता. इंजिन तरीही जोरात चालत राहिलं तर त्याला दुसरीकडून खायला मिळतं आहे. लक्ष द्या, स्क्रू तोच आहे. मघाशी तो लक्षण लपवायला वापरला होता, आता तो प्रश्न विचारायला वापरला. साधन एकच, हेतू वेगळा.

तिसरी पायरी, चोक. हाताचा चोक असेल तर तो किंचित ओढा. आवाज सुधारून खाली बसला तर मिश्रण पातळ होतं. इंजिन गुरगुरून धूर टाकू लागलं तर ते आधीच घट्ट होतं. एकाच लक्षणाची जी दोन विरुद्ध कारणं आपण पाहिली, ती इथे वेगळी होतात.

चौथी पायरी, प्लग. थोडं अंतर चालवून प्लग काढा. कॉफीसारखा रंग ठीक, पांढरट असेल तर पातळ, काळा-ओला असेल तर घट्ट. तिसऱ्या पायरीचा निष्कर्ष आणि हा रंग एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर थांबा, कुठेतरी गडबड आहे. दोन स्वतंत्र मार्गांनी तेच उत्तर मिळालं की विश्वास वाढतो.

पाचवी पायरी, जागा शोधणे. पातळ मिश्रण नक्की झालं, पण हवा कुठून? कार्बोरेटरच्या खालची पॅकिंग, सिलिंडरच्या बुडाची पॅकिंग, की सील? काही जण चालू इंजिनावर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून आवाज बदलतो का ते पाहतात. पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी ज्वलनशील फवारा म्हणजे आगीला आमंत्रण. त्यापेक्षा इंजिन बंद करून, मिश्रण येण्याची आणि धूर जाण्याची दोन्ही तोंडं बुजवून, हातपंपाने आत अगदी थोडा दाब भरतात, साधारण ६ पीएसआय. गेजचा काटा उतरायला लागला की सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. जिथे बुडबुडे, तिथे गळती. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तेच तत्त्व. इथे कानावर, अनुभवावर, अंदाजावर काहीच अवलंबून राहत नाही. ज्याला शंका असेल त्याने येऊन बुडबुडे मोजावेत.

६. कायदा जे मोजतो, ते गॅरेज सुधारतं

या इतिहासात एक सरकारी प्रकरणही आहे. भारतात वाहनांच्या धुरावर पहिली मर्यादा आली ती स्लोवरच्या धुरावर. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकी आणि तीनचाकींच्या स्लोवरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. पुढे २००० नंतर बनलेल्या गाड्यांसाठी ही मर्यादा ३.५ टक्के झाली. आपण ज्याला पीयूसी म्हणतो ती तपासणी हीच.

कार्बन मोनॉक्साइड होतो अपुऱ्या हवेमुळे. मग तो कमी करायचा सोपा मार्ग कोणता? एअर स्क्रू फिरवून स्लोवरचं मिश्रण पातळ करायचं. आकडा खाली येतो, प्रमाणपत्र मिळतं. पण टू-स्ट्रोकचं मोठं प्रदूषण वेगळं होतं: ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येतानाच थोडं न जळता थेट सायलेन्सरमधून निघून जातं. रस्त्यावर धावताना होणारा हा अपव्यय स्लोवरच्या कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्यात उतरत नाही. शिवाय ज्या गाडीचं सील आधीच हवा ओढत होतं, तिचा स्लोवरचा आकडा चांगला दिसण्याचीच शक्यता जास्त. आजारी इंजिन परीक्षेत पास! एखादी गोष्ट मोजायला सोपी आहे म्हणून आपण ती मोजतो, आणि मग व्यवस्था त्या आकड्याभोवती आकार घेते. तुमच्या शोधप्रबंधातला मुख्य मापदंड निवडताना हे आठवा.

धावतानाच्या धुराचे नियम १९९१ पासून आले आणि २००० मध्ये बरेच कडक झाले. टू-स्ट्रोकला ते झेपेनात. चार फेरींचं इंजिन जिंकलं, आणि त्याच्याबरोबर डेने काढून टाकलेली कॅमशाफ्ट पुन्हा दुचाकीत आली. सोलापुरात १९९२ मध्ये प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू झाली आणि आज ती देशोदेशीच्या मोटारींसाठी कॅमशाफ्ट बनवते. ज्या गावात ती बनते, तिथल्याच जुन्या लूनाला तिची कधी गरज पडली नाही.

७. "हे सगळं इथेनॉलमुळे!"

आता आजचा वाद. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाडीची कुठलीही तक्रार असो, उत्तर तयार असतं. आपल्या जिल्ह्यात तर उसाचा आणि साखर कारखान्यांचा विषय, त्यामुळे चर्चा लगेच तापते. आपण शांतपणे हिशोब करू.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्के मिश्रणासाठी हा आकडा साधारण १३.५ येतो. जुन्या कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच प्रमाणात पुरवतो. म्हणजे मिश्रण जवळपास ८ टक्के पातळ होतं. परिणाम खरा आहे, नाकारायचं कारण नाही. शिवाय जुन्या प्रकारच्या काही रबरांना इथेनॉल मानवत नाही.

पण तुलना करून पाहा. हवा थंड झाली की दाट होते, आणि कार्बोरेटरचं मिश्रण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पातळ होतं. मे महिन्यातली ४२ अंशांची दुपार आणि जानेवारीतली १२ अंशांची पहाट यांत घनतेचा फरक सुमारे १० टक्के, म्हणून मिश्रणात फरक सुमारे ५ टक्के. उणे २० अंशांत चालणाऱ्या स्नोमोबाइलसाठी आपल्या मे महिन्याच्या तुलनेत तोच फरक १२ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे ८ टक्के हा आकडा क्षुल्लक नाही, पण जेट आणि एअर स्क्रूने सांभाळण्याच्या टप्प्यातला आहे. एअर स्क्रू फिरवूनही ज्या गाडीची रेस उतरत नाही, तिथे दुसरं काहीतरी आहे.

आणखी एक साधी कसोटी. इंधन सगळ्यांचं एकदम बदलतं, सील मात्र एकेका गाडीचं जातं. एकाच पंपावर भरणाऱ्या दहा चेतकांचा स्लो एकाच महिन्यात वाढला असेल तर इंधनावर संशय घ्या. दहापैकी एकीचाच वाढला असेल तर आधी तिचं मॅग्नेट उघडा. तुलनेसाठी बाकीच्या नऊ गाड्या हव्यातच. आपण प्रयोगात कंट्रोल ठेवतो तो याचसाठी.

८. आता गाडीच सांगते, पण...

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि दुचाकींत इंधन इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर, संगणक हे सगळं रूढ झालं. स्लो आता संगणक सांभाळतो. तो वेग मोजतो आणि चूक पुसून टाकेपर्यंत दुरुस्ती करत राहतो. म्हणजे मॅक्सवेलच्या अर्थाने खरा गव्हर्नर दुचाकीत आला, निबंधानंतर दीडशे वर्षांनी. पण याची दुसरी बाजूही पाहा. आगंतुक हवा थोडी आत आली तर संगणक स्वतःच ती भरून काढतो. लक्षण दिसतच नाही. जे काम पूर्वी मेकॅनिक स्लो स्क्रूने नकळत करायचा, ते आता यंत्र सेकंदासेकंदाला करतं. फरक इतकाच की ते आपण किती दुरुस्ती केली याची नोंद ठेवतं. ती नोंद वाचणारा पाहिजे. "एरर कोड नाही म्हणजे बिघाड नाही" हे जुन्या "आवाज खाली आला म्हणजे झालं" याचंच नवं रूप आहे.

२०२० मध्ये चेतक विजेवर परत आली, २०२४ मध्ये लूनाही. विजेच्या मोटारीला स्लो नसतो. सिग्नलला ती थांबते म्हणजे थांबतेच. एका अर्थाने आजच्या लेखातला बिघाड येत्या काळात संग्रहालयात जाईल.

त्यामुळे जुनं टू-स्ट्रोक इंजिन अजून हाताशी आहे तोवर तुम्हाला एक सुचवतो. ओळखीच्या गॅरेजमध्ये एक दिवस बसा. मेकॅनिकने स्क्रूला हात लावला की विचारा, "दादा, हे बघण्यासाठी फिरवताय की बसवण्यासाठी?" उत्तर ऐका. मग आपल्या स्वतःच्या कामातली शेवटची पाच "अ‍ॅडजस्टमेंट" एका कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे हाच प्रश्न लिहा. ज्यांच्यापुढे "बसवण्यासाठी" असं उत्तर येईल, त्यांची सील तपासायची बाकी आहेत. तो कागद गाइडला दाखवायच्या आधी स्वतः दोनदा वाचा.